पाखरू पाखराला पाहून उतरते

इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात, मार्च महिन्यातल्या एका सकाळी, रेपसीडच्या हिरव्यागार शेताच्या कडेला काटेरी झुडपांच्या कुंपणालगत ताणलेल्या जाळीच्या आडोशामागे मी साडेचार तास बसलो होतो. समोर पंचवीसएक पावलांवर एक लोखंडी खुंट जमिनीत रोवलेला होता, त्याच्या डोक्यावर एक छोटी मोटर बसवलेली होती, मोटरवरून दोन लांब, लवचीक दांड्या दोन बाजूंना निघाल्या होत्या आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला पंख पसरलेले एक मेलेले कबुतर तारेच्या पाळण्यात अडकवलेले होते. मोटर सुरू केली की ती दोन्ही कबुतरे एकामागोमाग गोल फिरू लागत, आणि दूरच्या झाडांवरून आपल्या वाटेने चाललेली जिवंत कबुतरे मध्येच वाट मोडून आमच्याकडे वळत. हे वळणे पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि अमळनेर तालुक्यातल्या आमच्या बोरीकाठच्या गावी बसून हे लिहिताना तेच दृश्य अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

मी बंदूक चालवणारा माणूस नाही आणि त्या दिवशीही मी बंदुकीला हात लावला नाही. मुलगी आणि जावई तिकडे नोकरीला आहेत, म्हणून आम्ही दोघे पतिपत्नी तीन महिने त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. शेजारी एक सत्तरीच्या घरातले शेतकरी राहत. मी आयटीआयमधून वीजतंत्री व्यवसायाचा शिल्पनिदेशक म्हणून निवृत्त झालो आहे, हे जावयाकडून कळताच त्यांनी गोदामातून हे यंत्र काढून माझ्यापुढे ठेवले. ते फिरता फिरता अडखळत होते. पिकावर बसणारी कबुतरे बंदुकीच्या टप्प्यात बोलावणाऱ्या या यंत्राला तिकडे ‘मॅग्नेट’ म्हणजे लोहचुंबक म्हणतात. मी मात्र मनातल्या मनात त्याला चक्र म्हणू लागलो आणि इथेही तेच म्हणणार आहे. त्याची दुरुस्ती करण्याच्या निमित्ताने माझे त्यांच्या शेतावर जाणे झाले.

आधी पक्ष्याबद्दल सांगतो, कारण पक्षी कसा आहे हे कळल्याशिवाय चक्र कळत नाही. आपल्याकडे विहिरीच्या कपारीत राहतो तो पारवा आणि तिकडचा वूड पिजन हे एकाच कुळातले असले तरी निरनिराळे पक्षी आहेत. वूड पिजन आपल्या पारव्यापेक्षा चांगलाच मोठा आणि छातीने भरदार असतो, झाडावर घरटे करतो, त्याच्या मानेवर दोन्ही बाजूंना पांढरा ठिपका असतो आणि पंखावर आडवा पांढरा पट्टा असतो. पंख मिटले की हा पट्टा जवळजवळ झाकला जातो, पंख उघडले की लख्ख दिसतो. थंडीच्या दिवसांत, इतर खाद्य संपल्यावर, या पक्ष्यांचे मोठमोठे थवे रेपसीडच्या पानांवर उतरतात. रेपसीड हे आपल्या मोहरीच्या जवळच्या नात्यातले, तेलासाठी घेतले जाणारे पीक आहे, आणि थवा रोज त्याच तुकड्यावर बसू लागला तर झाडाच्या नुसत्या शिरा आणि देठ उरतात. शेतकऱ्यांनी एक मेलेले कबुतर माझ्या हातात दिले तेव्हा मला त्याची गळ्याखालची पिशवी दगडासारखी घट्ट लागली. त्यांनी ती चाकूने उघडून दाखवली. आत बोटांनी दाबून भरावा तसा हिरव्या पानांचा ओला लगदा होता, आणि त्यातली काही पाने इतकी ताजी होती की त्यांच्या कडांवर चोचीने तोडल्याच्या खुणा दिसत होत्या. माझ्या तळहाताला त्या पक्ष्याची पिसे चिकटली होती. या जातीची पिसे फार सैल असतात, नुसत्या धक्क्यानेही गळून पडतात.

तिकडे कोणीही उठून कबुतरे मारावीत, असे नाही. इंग्लंडमध्ये १९८१च्या कायद्याने रानपक्ष्यांना संरक्षण आहे, आणि पिकाची गंभीर हानी टाळण्यासाठी वूड पिजनसारख्या थोड्या जातींपुरता सरकारने सर्वसाधारण परवाना दिलेला आहे, त्याच्या अटी पाळूनच हे करता येते. एप्रिल २०१९मध्ये न्यायालयीन आव्हानानंतर हे जुने परवाने अचानक मागे घेतले गेले होते आणि पुढे नव्या शब्दांत पुन्हा दिले गेले. ऐन पेरणीच्या हंगामात घडलेली ती गोष्ट त्या शेतकऱ्यांच्या मनात अजून ताजी होती. त्याच १९८१च्या कायद्यात आणखी एक कलम आहे आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते: पक्षी मारण्यासाठी जिवंत पक्ष्याला बांधून किंवा जखमी, आंधळ्या पक्ष्याला आमिष म्हणून वापरता येत नाही, आणि ध्वनिमुद्रित आवाजही लावता येत नाही. मेलेल्या किंवा प्लॅस्टिकच्या पक्ष्याला मोटरवर फिरवण्याला मात्र मनाई नाही. हे कलम का आले असेल, ते पुढे लिहितो.

शेतावर गेल्यावर त्यांनी लगेच काही मांडले नाही. पाऊण तास ते दुर्बीण लावून नुसते पाहत होते. कबुतरे कोणत्या झाडांवरून निघतात, कोणत्या कुंपणाच्या वरून जातात, शेताच्या कोणत्या भागावर घिरटी घालतात, याची एक वाट ठरलेली असते. ती वाट सापडली नाही तर कितीही चांगले यंत्र लावा, समोर काही येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मग वाऱ्याची दिशा पाहून त्यांनी जाळी अशी ताणली की वारा आमच्या पाठीवर यावा. कबुतर उतरते ते वाऱ्याकडे तोंड करून, त्यामुळे पाठीवर वारा घेऊन बसलेल्या माणसाकडे ते समोरून येते. त्यानंतर प्लॅस्टिकची अर्धगोल, पोकळ कबुतरे खुंट्यांवर बसवून त्यांनी शेतात मांडली. त्यांची तोंडे साधारण वाऱ्याकडे होती, पण कवायतीच्या रांगेसारखी एकाच रेषेत नव्हती, आणि दोन पक्ष्यांत दोन-तीन पावलांचे अंतर होते. मांडणीचा आकार घोड्याच्या नालासारखा होता आणि नालाचे उघडे तोंड वारा जिकडे वाहत होता तिकडे होते. मधली जागा मोकळी ठेवलेली होती, कारण नवा येणारा पक्षी नेहमी इतरांच्या मधल्या मोकळ्या जागेत उतरू पाहतो. प्लॅस्टिकवर जराही चमक राहू नये म्हणून त्यांनी ते पक्षी खडबडीत रंगाने रंगवले होते. ओलसर सकाळी एखाद्या पाठीवर ऊन चकाकले तरी वरचा थवा उलटा फिरतो.

चक्र त्यांनी मोकळ्या जागेत लावले नाही, नालाच्या एका बाजूला, जरा लांब लावले. मी कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की चक्राचे काम पक्ष्याला दुरून बोलावण्याचे आहे, उतरवण्याचे नाही. पुढचा सगळा दिवस मी याच एका वाक्याचा पडताळा घेत होतो.

आता चक्राच्या पोटात काय आहे ते सांगतो. मोटर गिअरची, बारा व्होल्टची, मोटारगाडीच्या काचेवरचा वायपर फिरवणाऱ्या मोटरच्या जातीची. हौशी लोक तर वायपरचीच मोटर काढून लावतात. तिला एक वेग कमीजास्त करण्याचे बटण आणि अलार्म किंवा यूपीएसमध्ये असते तशी सीलबंद बॅटरी. धुळ्याच्या कोणत्याही मोटर वायंडिंगच्या दुकानात हे सगळे सामान एका फळीवर सापडेल. मोटर उघडली तेव्हा दोष लगेच दिसला: मोटरच्या फिरत्या भागाला टेकून वीज पोहोचवणारा एक कार्बन ब्रश झिजून त्याची स्प्रिंग सैल पडली होती आणि तो ज्यावर टेकतो त्या तांब्याच्या कड्यावर, म्हणजे कम्युटेटरवर, काळा थर साचला होता. बारीक पॉलिश कागदाने कम्युटेटर साफ केला, खाचांतली भुकटी काडीने काढली, ब्रश बदलला. तरीही चक्र फिरताना एका जागी झोल जात होता. ते मोटरचे नव्हतेच. एका दांडीवरचे कबुतर आदल्या दिवशीच्या पावसात भिजलेले होते आणि दुसरे कोरडे होते, त्यामुळे एक बाजू जड झाली होती. दोन्ही पक्षी तोलून सारख्या वजनाचे लावले आणि दांड्यांचा चढ सारखा केला, तेव्हा ते इतके संथ आणि गुळगुळीत फिरू लागले की शेतकरी काही न बोलता बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभे राहिले.

त्या गुळगुळीतपणाला किती किंमत आहे, ते वर आकाशात कळले. दुरुस्तीच्या आधी, त्यांच्या म्हणण्यानुसार, कबुतरे वळून यायची आणि साठ-सत्तर पावलांवर एकदम उसळी मारून निघून जायची. आपल्या डोळ्याला जी हालचाल सलग वाटते तिच्यातले तुकडेही पक्ष्याच्या डोळ्याला वेगळे दिसतात, इतकी त्याची नजर चपळ असते. त्यामुळे आम्हांला जेमतेम जाणवणारा झटका त्या पक्ष्यांना दुरून स्पष्ट दिसत असणार. शंभर गोष्टी बरोबर असताना एका चुकीच्या हालचालीने पाखरू परत फिरते, हे मी त्या दिवशी शिकलो.

वेगाचेही तसेच. मी हौसेने बटण जरा पुढे केले, तर पट्टे झगमगू लागले आणि मला वाटले आता आणखी दुरून पक्षी येतील. आले खरे, पण एकही खाली झुकला नाही. उतरणारे कबुतर पंख पसरून वेग मोडत येते, ते भिंगरीसारखे गरगरत नाही. बटण मागे घेऊन वेग इतका कमी केला की दांडी सावकाश चढत-उतरत जाऊ लागली, तेव्हा पांढरा पट्टा एका लयीत उघडू-मिटू लागला आणि पुढच्या दोन कबुतरांनी पंख ताठ करून थेट नालाच्या तोंडाशी झेप घेतली. आणि त्यातही, ती जवळ येताच शेतकऱ्यांनी हातातल्या रिमोटने चक्र थांबवले. दुरून पाखराला फक्त पट्टा दिसतो, जवळ आल्यावर दांडी, तार आणि खुंट दिसतो. म्हणून बोलावून झाले की यंत्राने गप्प बसायचे.

चक्रात एक मूळचाच दोष आहे आणि तो कितीही दुरुस्ती केली तरी जात नाही. गोल फिरणारा पक्षी अर्धा वेळ वाऱ्याकडे तोंड करून असतो आणि उरलेला अर्धा वेळ वाऱ्याला पाठ करून. खरे कबुतर वाऱ्याला पाठ करून कधी उतरत नाही. म्हणजे प्रत्येक फेऱ्यातला अर्धा भाग खोटा असतो. ज्या पक्ष्यांनी असले चक्र पूर्वी पाहिले आहे आणि तिथून जीव वाचवून गेले आहेत, ते पुढे चक्र दिसताच लांबूनच वळसा घालतात, असा तिकडच्या जाणत्या लोकांचा अनुभव आहे. म्हणून ते शेतकरी वारा चांगला असेल त्या दिवशी चक्र बाहेर काढतच नाहीत. लवचीक काठीच्या टोकाला एक पक्षी अडकवतात आणि तो वाऱ्यावर आपोआप डुलतो, खाली येतो, वर जातो. त्याचे तोंड कायम वाऱ्याकडे राहते आणि त्यात खोटे असे काही नसते. दुसरा एक प्रकार असा की पक्षी जमिनीवरच असतो आणि मोटर मधूनमधून त्याचे पंख दोन-तीनदा हलवून थांबते, नुकतेच उतरलेले कबुतर पंख सावरते तसे. वारा पडलेला असेल, शेत मोठे असेल आणि पक्ष्यांची वाट लांबून जात असेल तेव्हाच चक्राचा खरा उपयोग. माझ्या मते हा त्या माणसाचा फार मोठा विवेक होता, कारण यंत्र हाताशी असताना ते न वापरणे सोपे नसते. इंग्लंडमध्ये आर्ची कोट्स नावाचे एक प्रसिद्ध नेमबाज होऊन गेले. पिकावरची कबुतरे मारणे हाच त्यांचा पूर्णवेळ व्यवसाय होता, आणि १९६०च्या दशकात त्यांनी एका दिवसात साडेपाचशे कबुतरे मारल्याची नोंद आहे. त्यांच्याकडे मोटर नव्हती. होती ती फक्त वाट ओळखण्याची नजर आणि हाताने केलेली मांडणी.

मोटर नवीन आहे, पण हलणाऱ्या पक्ष्याने दुसऱ्या पक्ष्याला बोलावण्याची युक्ती फार जुनी आहे, आणि तिचा जुना इतिहास वाचताना माझ्या पोटात कालवाकालव झाली. अमेरिकेत पॅसेंजर पिजन नावाची एक जात होती, तिचे थवे आकाश झाकून टाकत. त्यांना जाळ्यात पकडणारे लोक एका जिवंत कबुतराच्या पापण्या दोऱ्याने शिवून टाकत आणि त्याला एका छोट्या बैठकीवर बांधत. थवा वरून जाऊ लागला की दोरीने ती बैठक वर उचलून एकदम खाली सोडायची. तोल सावरण्यासाठी ते आंधळे केलेले पाखरू पंख फडफडवायचे, वरच्या थव्याला वाटायचे की आपल्यातला एक खाली उतरतो आहे, आणि सगळा थवा खाली यायचा. त्या जातीची शेवटची मादी, मार्था, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात १ सप्टेंबर १९१४ रोजी मेली. जंगलतोड आणि अमर्याद शिकार या दोन्हींनी ती जात संपवली, पण खाली बोलावणारे ते एक शिवलेल्या डोळ्यांचे पाखरू माझ्या मनातून जात नाही. वर ज्या कलमाचा उल्लेख केला, त्यातला ‘आंधळ्या’ हा शब्द वाचला की मला तेच आठवते. अमेरिकेनेही पुढे १९३५मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत जिवंत पक्ष्यांचे आमिष बंद केले. विजेवर पंख फिरवणारी नकली बदके बाजारात आल्यावर काही राज्यांनी त्यांच्यावरही निर्बंध घातले. कॅलिफोर्नियात हंगामाच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत ती वापरता येत नाहीत.

हे सगळे शोधत असताना मला जी गोष्ट सर्वांत विलक्षण वाटली ती फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवरची आहे. ऑक्टोबरमध्ये वूड पिजनचे थवे दक्षिणेकडे स्थलांतर करतात. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात लोक जंगलात झाडांवर आणि जमिनीवर लपणी बांधून बसतात आणि दोरीने हलवता येणाऱ्या बैठकींवर पाळीव कबुतरे ठेवून थव्याला झाडावर बसायला बोलावतात. तिथून डोंगर ओलांडला की स्पेनच्या नवारा प्रांतात एचालार नावाचे गाव आहे. तिथे खिंडीत उंच जाळी बांधतात आणि डोंगरावरच्या मनोऱ्यांतून थव्यावर पांढऱ्या लाकडी फळ्या भिरकावतात. हवेत गरगरत येणारी ती फळी कबुतरांना झडप घालणाऱ्या ससाण्यासारखी भासते, आणि जीव वाचवण्यासाठी ती जमिनीलगत सूर मारतात, नेमकी जाळ्यात. म्हणजे एकाच पक्ष्याला, एकाच महिन्यात, डोंगराच्या एका बाजूला एक हालचाल बोलावते आणि दुसऱ्या बाजूला दुसरी हालचाल पळवते. हालचाल ही स्वतः आमिषही नाही आणि भीतीही नाही. पाखरू तिच्यात काय वाचते, त्यावर सगळे आहे.

हे वाचल्यावर मला माझे आजोबा आठवले. आमच्या लहानपणी गावच्या प्रत्येक दगडी विहिरीच्या कपारीत पारवे असत आणि मोठी पोरे रात्री विहिरीच्या तोंडावर जाळे पसरून ते पकडत. आजोबांना ते मुळीच खपत नसे. ते सकाळी खळ्यावर एका बाजूला मूठभर दाणे टाकत, आणि पहिला पारवा उतरेपर्यंत आम्हांला हलू देत नसत. मग एकामागोमाग सगळी विहीर रिकामी होऊन खळ्यावर उतरे. ते म्हणत, “पाखरू पाखरूले देखीसन उतरस.” साठ वर्षांनंतर लिंकनशायरमध्ये एक गोरा शेतकरी बॅटरी आणि रिमोट घेऊन मला तेच समजावून सांगत होता.

आपल्याकडे आता हा विषय बंदुकीचा नाही आणि असूही नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची जी व्याख्या केली आहे तीत मारण्याबरोबर पकडणे, फासे आणि सापळे लावणे, हाकारणे, आमिष दाखवणे आणि यांतल्या कशाचाही प्रयत्न करणे हे सगळे येते. त्या कायद्याने होले आणि हरियल यांना संरक्षण दिले आहे, आणि हरियल तर आपला राज्यपक्षी. तिकडचे चक्र तिकडच्या कायद्यात बसते म्हणून ते इकडे आणून कोणी बंदुकीपुढे लावावे, असे हे वाचून कोणाच्या मनात येऊ नये, एवढे मी स्पष्ट सांगतो.

पण आपल्या शेतकऱ्याचे दुखणेही खरे आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हरभरा पेरला की पहिले दहा-बारा दिवस पारव्यांचे असतात. ते ओळीने चालत जातात आणि मातीतून दाणा, नाहीतर नुकताच फुटलेला कोंब, उपसून काढतात. तास, म्हणजे पेरलेली ओळ, विरळ पडतो आणि पुन्हा बी टोचावे लागते. आम्ही गोफण फिरवतो, डबे वाजवतो, बुजगावणे उभे करतो, जुन्या कॅसेटची फीत दोन काठ्यांत ताणतो म्हणजे ती वाऱ्याने गुणगुणते, आणि अलीकडे पंख्याच्या पात्यावर थाळी वाजवणारे यंत्रही लोक लावतात. पहिल्या दिवशी सगळे चालते. चौथ्या दिवशी पारवा बुजगावण्याच्या हातावर बसलेला असतो. याचेही कारण तेच: ज्या हालचालीमागून खरा ससाणा कधी येत नाही, ती हालचाल पाखरू लवकरच वाचायचे सोडून देते.

परत आल्यावर पुढच्या रब्बीत धाकट्या भावाच्या शेतात हरभऱ्याची पेरणी चालू होती आणि पुतण्याने माझ्या मोबाइलवर चक्राचे चित्रण पाहिले. तो म्हणाला, “नाना, हाई चक्र आपला वावरमा लावुत ना.” मी आधी नाही म्हटले. रात्री झोपताना मात्र विचार आला की पळवण्यासाठी आपण एवढे सगळे करतो, मग एकदा बोलावून पाहू. हरभऱ्याच्या तुकड्याला लागून पलीकडे बाजरीचे रान होते. कणसे खुडून झाली होती, नांगरट व्हायची होती आणि जमिनीवर बराच दाणा सांडलेला होता. तो दाणा वायाच जाणार होता. पारव्यांना हरभऱ्यावरून उठवून तिकडे बसवता आले तर दहा-बारा दिवस निभावतील, आणि कोणाच्या जिवाला धक्काही लागणार नाही.

भंगारातून वायपरची मोटर आणली. खरा पक्षी वापरायचा प्रश्नच नव्हता, म्हणून पुठ्ठ्याचे दोन पारवे कापले. इथे एक गोष्ट नीट पाहावी लागली. तिकडच्या कबुतराचा पांढरा पट्टा आपल्या पारव्याला नाही. आपल्या पारव्याच्या पंखावर दोन काळ्या पट्ट्या असतात, शेपटीच्या मुळाशी युरोपातल्या पारव्यासारखा पांढरेपणाही नसतो, आणि उतरताना लांबून जे दिसते ती पंखाची फिकट आतली बाजू. म्हणून पुठ्ठ्याची वरची बाजू राखाडी केली, तिच्यावर काळ्या पट्ट्या ओढल्या आणि खालची बाजू चुन्याने पांढरट केली. बॅटरी भावाच्या फवारणी पंपातली काढली. वेग लिंकनशायरमध्ये शिकलो तितकाच, अगदी संथ ठेवला, आणि चक्र बाजरीच्या रानात, विहिरीवरून पारवे निघतात त्या वाटेखाली उभे केले.

पहिल्या सकाळी मी आणि पुतण्या बांधावरच्या निंबाखाली बसलो. विहिरीतून आठ-दहा पारवे निघाले, सवयीने हरभऱ्याकडे वळले, मध्येच एकाने मान तिरकी केली आणि तो बाजरीकडे फिरला. बाकीचे त्याच्या मागे गेले. पुतण्याने माझा हात घट्ट धरला होता. ते उतरताच मी दोरीने जोडलेल्या बटणाने चक्र थांबवले आणि मग चक्राची गरजच उरली नाही, कारण खाली खरे पारवे चरत होते आणि वरून येणारे पुढचे त्यांना पाहून उतरत होते. मी रोज सकाळी फक्त पहिला थवा उतरेपर्यंत चक्र फिरवले. दोन सकाळी ते लावायला उशीर झाला, त्या दोन्ही दिवशी पारवे आधी हरभऱ्यावर बसले आणि मग त्यांना काही केल्या उठवता आले नाही. बांधाकडचे दोन तास विरळ झालेच. सातव्या-आठव्या दिवशी चक्र न फिरवताही थवा थेट बाजरीच्या रानात जाऊ लागला. हे यश चक्राचे की सांडलेल्या दाण्याचे, असे कोणी विचारले तर दाण्याचे म्हणेन. चक्राने फक्त तिकडे पाहायला लावले. रान नांगरलेले असते, दाणा नसता, तर पुठ्ठ्याच्या पाखरांनी एका दिवसापलीकडे कोणालाही धरून ठेवले नसते.

हरभरा चार पानांवर आला तसे पारव्यांचे त्याच्याकडचे लक्ष संपले. पुढे फुले लागायच्या वेळी घाटेअळीची लहान अळी दिसू लागली आणि भावाला फवारणीसाठी पंपाची बॅटरी परत हवी झाली. मी मोटर आणि दांड्या काढून घेतल्या. खुंट मात्र त्याने मागून घेतला, त्याच्या डोक्यावर एक आडवी काठी बांधली आणि हरभऱ्याच्या मधोमध रोवला. अळ्या टिपायला पाखरांनी यावे म्हणून हरभऱ्यात असे पक्षीथांबे लावतात. तो इतर बांबूच्या काठ्याही लावत होता. आम्ही बांधापर्यंत पोहोचलो नसू तोच एक कोतवाल त्या खुंटावर येऊन बसला, दुभंगलेली शेपटी एकदा हलवली आणि खाली तासात झेपावला.